काचेवरचा तळवा

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. लेन्स म्हटलं की कॅमेऱ्यापुढे आलेलं लांबलचक, ऐटबाज नळकांडं तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल, तर ते विसरा. मी बुटकी आहे. अंग काळ्या प्लॅस्टिकचं, वजन एखाद्या सफरचंदाएवढं. पण पोटातल्या काचा खऱ्या. ज्या कारखान्यात मी घडले तिथे पांढरे कोट घातलेल्या बायका त्या काचा श्वास रोखून बसवत, कारण श्वासाची वाफसुद्धा काचेला सोसत नाही. मला झूम मात्र नाही. लांबचं जवळ ओढून आणणं मला जमत नाही.

म्हणूनच दुकानाच्या शोकेसमध्ये मी बराच काळ पडून होते. शेजारी पंच्याऐंशी मिलिमीटरची, लांबून चेहरा टिपणारी एक जाडजूड, महागडी लेन्स होती. येणारा-जाणारा तिलाच हातात घेई. मला उचलून एकाने विचारलं होतं, "ही खेळण्यातली आहे का हो?"

मग एके दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस दुकानात आला. नखांत ग्रीस, पिशवीत मेहुण्याकडून मागून आणलेला कॅमेरा. दुकान एक बाई चालवत. विक्री त्याच करत, दुरुस्तीही त्याच.

"चेहऱ्याचा फोटो काढायचाय. बायकोचा," तो म्हणाला. "कुठली घेऊ?"

"चेहऱ्याला ही पंच्याऐंशीची झकास. खोली केवढी आहे तुमची?"

"पलंग आणि कपाट मावतं, एवढी."

"मग ही लावून फोटो काढायला तुम्हाला भिंत फोडून शेजाऱ्यांकडे उभं राहावं लागेल. ही पन्नासची न्या. परवडेलही. फक्त चेहरा मोठा हवा असेल तर तुम्हीच पुढे सरकायचं."

तो हसला नाही. "तिच्या जबड्यात गाठ आहे," तो म्हणाला. "लवकरच ऑपरेशन आहे. डावी बाजू आधीसारखी राहणार नाही म्हणतात. त्याच्या आत एक चांगला फोटो हवा."

बाईंनी मला मऊ कापडाने पुसलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

त्याची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांशी बोलून घरी यायची आणि घरी आल्यावरही तिचं बोलणं संपायचं नाही. दोघं संध्याकाळी पलंगावर शेजारी शेजारी बसत, टीव्हीकडे तोंड करून. शेजारी बसणारी माणसं एकमेकांकडे फारशी बघत नाहीत, हे मला त्या घरात कळलं. माझ्यातून तो तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघायला लागला.

पहिले फोटो फसले. माझ्या पोटात पाती आहेत. ती पूर्ण उघडली की भरपूर उजेड येतो, पण स्पष्ट दिसते ती बोटभर जागा. त्याने ती सताड उघडी ठेवली होती.

बायकोने फोटो बघितला. "अहो, नाक छान आलंय. बाकीची मी कुठे गेले?"

तो धावत दुकानात गेला. बाईंनी समजावलं, "पाती जरा मिटा. डोळ्यांवर नेम धरा. आणि त्यांना खिडकीजवळ बसवा."

तसं केलं आणि फोटो जमला. ती काहीतरी सांगता सांगता हसत होती, आणि ते अर्धवट राहिलेलं वाक्य तिच्या ओठांवर तसंच उमटलं होतं. तो फोटो मोठा करून भिंतीवर लागला. माझी फार वाहवा झाली. मेहुणा म्हणाला, "एवढ्याशा लेन्सने काढलाय?" माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तिच्याबरोबर जबड्याचं थोडं हाडही गेलं. ती घरी आली तेव्हा गाल आत ओढलेला होता आणि बोलणं अडखळत होतं. जखम भरल्यावर एका सकाळी त्याने भीतभीत कॅमेरा उचलला. ती पुढे झाली आणि तिने तळवा माझ्यावर ठेवला. घट्ट.

"नको," एवढंच म्हणाली.

तिच्या तळव्याचा ठसा माझ्या काचेवर राहिला. त्याने तो पुसला नाही. तसंच झाकण लावलं, कॅमेरा मेहुण्याला परत केला आणि मला चामड्याच्या डबीत घालून कपाटात, जुन्या स्वेटरांच्या मागे ठेवलं.

मित्रांनो, कपाटातला अंधार काही बोलत नाही. मला फक्त ऐकू यायचं. आधी टीव्हीचा आवाज कमी झाला, मग तिचा. तिने पोस्टातली खिडकी सोडून मागच्या खोलीत टपाल निवडायचं काम मागून घेतलं होतं. तो विचारायचा, "जेवलीस?" ती म्हणायची, "हं." बाकी वाट्या सरकवल्याचे आवाज. एकदा तिच्या बहिणीची लहान नात आली होती. भिंतीवरच्या फोटोबद्दल तिने विचारलं, "आजी, ही तुमची धाकटी बहीण का?" पाहुणे गेल्यावर खिळा उपसल्याचा आवाज आला. तो फोटो कपाटात आला, माझ्याच शेजारी, तोंड भिंतीकडे करून. फोटोतली ती आणि मी, दोघी एकाच अंधारात होतो, पण सोबत म्हणून काही वाटली नाही.

कपाटात ओल होती. माझ्या काचेवर बुरशी धरली, आणि ती धरली बरोबर त्या ठशावर. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे हळूहळू आत पसरले. मला वाटलं, मी संपले.

किती वर्षं गेली ते मला मोजता येत नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा मोठा.

"अहो, भिंतीवर तो पांढुरका चौकोन राहिलाय ना, तो मला बघवत नाही."

"कॅलेंडर लावू?"

"कॅलेंडर नको. माझा फोटो लावा."

"जुना काढू?"

"आत्ताचा."

स्वेटर बाजूला झाले. त्याने डबी उघडली, मला उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा पडला. "खराब झालीये गं. हिच्यातून सगळं धुकट येईल." मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "तसं... धुकट आलं तर बरंच दिसेल."

तिने मला त्याच्या हातातून घेतलं. "मला बरं दिसायचं नाहीये," ती म्हणाली. "मला दिसायचंय. साफ करून आणा."

दुकानातल्या बाईंचे केस पिकले होते. त्यांनी मला खोललं, एकेक काच धुतली आणि म्हणाल्या, "बुरशी गेली. पण तिने काच थोडी खाल्लीये, तो डाग राहणार. फोटोत येणार नाही."

मेहुण्याचा कॅमेरा पुन्हा आला. ती बसली आणि आत गेलेला गाल तिने आपणहून उजेडाकडे केला. तो माझ्यातून बघत राहिला, बटण दाबवेना. मग त्याने डोळे पुसले, दाबलं.

तिने फोटो बघितला. "थकलेली दिसते."

"हो," तो म्हणाला. खोटं बोलला नाही.

"पण मीच आहे." तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला. "हा लावा."

पुढच्या महिन्यात तिने पोस्टात पुन्हा खिडकी मागितली. पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिने अडखळत का होईना, एका भांडखोर म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. टीव्ही बंद होता.

आता मी उघड्या फळीवर असते. फोटो बहुतेक फोनवरच निघतात. दिवसचे दिवस मला कुणी हात लावत नाही. एकटं वाटतं, नाही असं नाही. पण खिडकीतून वारा येतो, आणि अधूनमधून तिचा नवरा येऊन माझं झाकण काढतो, फुंकर मारतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी असंच डबीत घालून ठेवलेलं असेल. दुःखाच्या दिवशी ठेवलेलं, म्हणून कुणी उघडत नसेल. आज उघडा. उजेडात धरा. बुरशी दिसली तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. डाग राहील थोडा. राहू दे.