सुरुवात कधी झाली

डॉक्टरीणबाई मेंदूची फिल्म दिव्यासमोर धरत होत्या, तेवढ्यात त्याने हात लांबवून त्यांच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि तोंडात टाकलं.

बायकोने चटकन त्याचं मनगट धरलं.

"अहो, त्यांचं आहे ते."

"मग काय झालं?" तो चावत म्हणाला.

हा माणूस तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होता. त्याच्या नजरेतून अनुस्वार सुटत नसे. आणि दुसऱ्याच्या ताटाकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला तो उभ्या उभ्या विनोद सांगू लागला. त्याच महिन्यात मालकाला चारचौघांत शिवी हासडली, नोकरी गेली. मग लेकीच्या तान्ह्या बाळाला हातात घेऊन म्हणाला, "काय कुरूप आहे गं." लेकीने माहेरी येणं सोडलं.

घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. "या वयात माणसं तिरसट होतातच," म्हणाले. दुसऱ्यांनी नैराश्य ठरवलं. गोळ्या खाऊन तो वर्षभर झोपला आणि उठला तो तसाच. समुपदेशक बाईंनी तर खुर्ची बायकोकडेच वळवली, "तुमच्या दोघांत काही जुनं साचलंय का?" चौथ्या ठिकाणी स्मरणशक्ती तपासली. शंभरातून सात-सात वजा करत तो डॉक्टरांच्या आधी खाली पोचला.

"यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं," ते हसून म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने न्हाणीघरात नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. डोकं ठीक असेल, तर माणूसच वाईट निघाला, एवढाच त्याचा अर्थ होता.

"हे बघा," डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीचं टोक फिल्मवर टेकवलं. "कपाळामागचा हा भाग आक्रसलाय. स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार आहे हा. पण यात आठवण आधी जात नाही. आधी भीड जाते, माया जाते. म्हणून लवकर ओळखू येत नाही."

"औषध?"

"थांबवणारं नाही. थोडा त्रास कमी होईल, इतकंच."

तिने पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं.

"म्हणजे हे मुद्दाम करत नव्हते?"

"नाही. यातलं काहीच मुद्दाम नव्हतं."

"मला कागदावर लिहून द्याल? लेकीला दाखवायचंय."

"देते ना." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "फक्त सांगा, सुरुवात कधी झाली? घरच्यांना वाटतं त्याच्या बरीच आधी झालेली असते. मूळ स्वभावापेक्षा वेगळं असं पहिल्यांदा कधी वागले? वाईटच वागले असतील असं नाही. एखादा घुम्या माणूस एकाएकी मोकळा होतो, लाडात येतो."

तिची बोटं थांबली.

भावाच्या मरणाआधीचं वर्ष. ती कपड्यांना इस्त्री करत होती. सव्वीस वर्षांत ज्याने तिला चारचौघांत नावानेही हाक मारली नव्हती, तो मागून आला, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून गुणगुणू लागला. त्या वर्षी तो रस्त्याने तिचा हात धरून चालला. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाला, "तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं." उशिरा का होईना, माणूस उलगडला, असं तिने बहिणीला फोन करून सांगितलं होतं. पुढची तीन वर्षं तिने त्या एका वर्षाच्या जिवावर काढली.

"आठवतंय काही?"

तिने शेजारी पाहिलं. तो भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं ओठ हलवत वाचत होता.

"भावाच्या अंत्यविधीपासून," ती म्हणाली.

"त्याआधी?"

"त्याआधी काही नाही. त्याआधी हे अगदी चांगले होते."