तारीख उलटलेली पुडी

"तारीख बघा, तारीख!" मॅनेजर वेईने हिरवी पुडी टेबलावर आपटली. "एप्रिलमध्येच उलटलीय! आता ऑगस्ट चाललाय!"

मीटिंगमधले सगळे इंजिनिअर त्या कुरकुऱ्यांच्या पुडीवर वाकले. तैपेईतल्या बहुतेक मशीनरूममध्ये अशी पुडी असते. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून ती त्याच्या डोक्यावर ठेवायची. हिरवीच हवी, कुणी खायची नाही आणि तारीख उलटायच्या आत बदलायची. एरवी यावर थट्टामस्करी चाले. आज मात्र कुणी हसलं नाही.

त्यांच्यातल्याच शू-युएनला शिसारी आली. पुडीची नाही, या गंभीर चेहऱ्यांची. काय घडलंय हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

एका बँकेचे सगळे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत भरून त्यांची कंपनी चालवी. ते कंटेनर चालवणाऱ्या मशीनचा ताफा म्हणजे क्लस्टर. क्लस्टर उभा करायचा, वाढवायचा, जुना झाला की मोडायचा, हे सगळं एक मुख्य प्रोग्रॅम बघे. खालची मशीन तळघरातली आहेत की भाड्याच्या क्लाउडमधली, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. जशी जागा, तसा प्रोव्हायडर नावाचा जोडतुकडा लावायचा. तळघराचा प्रोव्हायडर शू-युएनने लिहिला होता. मुख्य प्रोग्रॅमच्या यादीत क्लस्टरचं नाव घातलं की तो उभा, नाव पुसलं की मशीनसकट सफाचट.

वेईला तो मुख्य प्रोग्रॅम नव्या जागी हलवायचा होता. "आधी जुन्याला थांबवा, मगच हात लावा," असं शू-युएनने बजावलं होतं. पण साहेबांना घाई. त्याने नावं नव्या जागी उतरवली आणि टापटीप म्हणून जुन्या जागची पुसून टाकली. जुना प्रोग्रॅम बिचारा आज्ञाधारक. नाव पुसलेलं दिसताच त्याने तळघरातली चालती मशीन धुऊन काढली आणि बँक दिवसभर बंद पडली.

"मॅनेजर, कुरकुऱ्यांनी मशीन पुसली नाहीत," शू-युएन म्हणाली. "तुम्ही पुसलीत."

वेईने दुधाच्या चहातल्या साबुदाण्यासारख्या काळ्या गोळ्या स्ट्रॉतून सुर्रकन ओढल्या आणि तोंड भरलेलं असतानाच बोलला, "बँकेला अहवालात दोषी म्हणून एक नाव हवंय. प्रोव्हायडर कुणाचा? तुझा. लिहू तुझं? मग कोण ठेवेल तुला नोकरीवर? मुलीच्या कॉलेजचं काय करशील?"

त्याच्या ओठावर एक गोळी चिकटली होती. शू-युएनला तिकडे बघवेना.

एवढ्यात कुणीतरी तळघरातून कुन-बोला बोलावून आणलं. मशीनरूम राखणारा हा म्हातारा. सगळे त्याला 'बो', म्हणजे थोरले काका म्हणत. पुडी बदलायचं कामही त्याचंच.

"चूक माझी," पुडी बघताच तो म्हणाला. "बायको इस्पितळात होती. बदलायची राहून गेली."

"ऐकलंत?" वेई म्हणाला. "मशीनरूमच्या देखभालीत हलगर्जी. लिहून घ्या."

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासीच मान पुढे करतोय! शू-युएन कुन-बोच्या मागे जिन्यात धावली.

"बो, पुडीचा काय संबंध? तुम्हाला कळत नाही का?"

"अगं अ-युएन, इतकी वर्षं मशीनमध्ये काढली, एवढंही कळणार नाही?" कुन-बो हसला. तिला तो लाडाने अ-युएन म्हणे. "मी नाही म्हटलं तर तुझं नाव लिहितील. मी काय, पुढल्या वर्षी निवृत्त होणारच होतो. पोरगी शिकू दे तुझी."

 शू-युएन परत जागेवर जाऊन बसली, तेव्हा तिला वेईइतकीच स्वतःचीही किळस वाटली.

कुन-बोची नोकरी गेली. आठवड्याने बँकेची माणसं मशीनरूम बघायला आली. त्यांच्यात एक वयस्कर बाई होत्या. वेई पुढे, बगलेत नव्या पुड्यांचं खोकं. दाराशी बूट काढून सपाता घालायची रीत. मांडणीत कुन-बोच्या निळ्या सपाता अजून तशाच होत्या, टाचेशी झिजलेल्या. वेईने बेधडक त्यात पाय सरकवले.

"काढा," शू-युएन म्हणाली.

"काय?"

"सपाता काढा. कुन-बोच्या आहेत."

"कोण हे कुन-बो?" बँकेच्या बाईंनी विचारलं.

"तुमच्या अहवालात ज्यांचं नाव आहे ते. त्यांनी काहीच केलं नव्हतं."

"मग कुणी केलं?"

"शू-युएन, गप्प बस," वेई दातओठ खात म्हणाला. "पोरीचा विचार कर."

विचार तर ती आठवडाभर करतच होती. तिने सगळं सांगितलं. यादी कुणी हलवली, नावं कुणी पुसली, पुडी कुणी आपटली. बाई ऐकत राहिल्या. वेईने सपाता काढल्या आणि तो मोज्यांवर त्या गार फरशीवर उभा राहिला.

"उद्यापासून येऊ नकोस," तो पुटपुटला.

शू-युएनने सपाता उचलल्या, रुमालाने आतून नीट पुसल्या आणि आपल्या पिशवीत ठेवल्या. कुन-बोचं घर तिच्या वाटेवरच होतं.