सुवर्णमहोत्सवाचं मतदान

गोळी पेटीत पडली, टक् असा आवाज झाला आणि भगीरथ निमशांचा हात पेटीतच थबकला. आपण पांढरी उचलली की काळी?

आता काळं-पांढरं कळत नाही का माणसाला, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं! उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, खिडक्या रिवाजाप्रमाणे लावलेल्या आणि ऐन वेळी लाइट गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात ताटलीतल्या सगळ्याच गोळ्या त्यांना करड्या दिसल्या. पूर्वी काळ्या गोळीच्या जागी चौकोनी ठोकळे असत, नुसता हात लागला तरी समजायचं. ते कधीतरी हरवले आणि कुणा शहाण्याने ठाण्याहून एकसारख्या गोळ्या आणल्या.

डोळ्याचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, लॉजमध्ये तर नाहीच. पुढच्या वर्षी मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, खुर्चीवर बसायची पाळी त्यांची होती. आंधळ्याला खुर्ची कोण देतो, अशी त्यांची समजूत.

लॉज माहुली म्हणजे शहापूरबाहेर, सापगावच्या वाटेवरचं एक बैठं कौलारू घर. भातसा धरण बांधायला आलेल्या इंजिनियरांनी पन्नास वर्षांपूर्वी तिथे फ्रीमेसनांचं मंडळ काढलं. दार लावून आत काय चालतं ते गावाला माहीत नाही, म्हणून गाव वाटेल ते बोलतं. कुणी म्हणतं भुतं बोलावतात, कुणी म्हणतं खोल्या भाड्याने मिळतात. भुतं कसली! बारा सभासद पांढरे एप्रन बांधून बसतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात, जुनी वचनं पाठ म्हणतात आणि कुणी अडलानडला असेल तर गुपचूप मदत करतात. भगीरथ धरणावर साधे फिटर होते. मोठ्या साहेबांनी त्यांना शेजारी बसवून ब्रदर म्हटलं, ते त्यांनी चाळीस वर्षं उराशी धरलं होतं.

आज लॉजचा पन्नासावा वर्धापनदिन. या दिवशी एक नवा ब्रदर घ्यायचा आणि दुपारच्या पंगतीत मास्टरने त्याला स्वतःच्या हाताने वाढायचं, हा पहिल्यापासूनचा रिवाज. घेण्याआधी सगळ्यांनी पेटीत हात घालून गुपचूप गोळी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नको. एक जरी काळी निघाली तरी संपलं. कुणी काय टाकलं हे विचारायचं नाही, सांगायचं तर मुळीच नाही.

यंदा नाव होतं डॉक्टर संदीप झुगरेचं, आणि ते भगीरथांनीच सुचवलेलं. संदीप मुरबाडला जनावरांचा डॉक्टर. डोंगराकडच्या आदिवासी ठाकूरवाडीतला. त्याची आई येसू त्याच धरणावर मातीच्या पाट्या उचलत होती. सहा महिने भगीरथ त्याच्या मागे लागले होते, पण पोरगा काही हो म्हणत नव्हता. तिथे आमच्यातलं कोण आहे, असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा भगीरथ चिडलेच. तिथे जात कुणी विचारत नाही, सगळे एका पातळीवर, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आता माय-लेक बाहेर मांडवात बसले होते. येसू नवं लुगडं नेसून आली होती.

आणि आपणच काळी टाकली असली तर?

मास्टर सुनिल दळवींनी पेटीचा खण ओढला. मेणबत्ती जवळ घेतली.

"एक काळी आहे," ते म्हणाले.

झालं! भगीरथांना खुर्चीत बसवेना. मास्टर म्हणाले, कधीकधी हाताची चूक होते, नियमाप्रमाणे पेटी एकदा पुन्हा फिरवता येईल. आता गप्प राहून या खेपेला नीट उचलली की झालं, कुणाला कळणारसुद्धा नव्हतं. पण नीट उचलणार कशी? उजेड तेवढाच, डोळा तोच. पुन्हा काळीच हातात आली तर त्या पोराला तोंड काय दाखवायचं? भगीरथ उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी नियम मोडला नव्हता.

"मास्टर, माझा उजवा डोळा गेलाय. मी लपवलं तुमच्यापासून. ती काळी माझ्याच हातनं पडली असंल. खिडकी उघडा, मंग फिरवा पेटी."

खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला. सेक्रेटरी जैतू भोईर तर हसलाच, आधी बोलायचं की म्हाताऱ्या, म्हणून त्याने पाठीवर थाप मारली. खिडकी उघडली. पेटी फिरत भगीरथांपर्यंत आली. त्यांनी गोळी उचलून डाव्या डोळ्याशी नेली, उन्हात फिरवून फिरवून बघितली. पांढरीशुभ्र. टाकली. जीव भांड्यात पडला. बाहेर गेल्यावर येसूला ही फजिती कशी रंगवून सांगायची, हेही त्यांनी मनात जुळवून टाकलं.

मास्टरांनी खण ओढला. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं.

"अकरा पांढऱ्या. एक काळी."

आता कुणी हसलं नाही. भगीरथांनी एकेकाकडे पाहिलं. यांच्या घरी ते जेवले होते, यांच्या मुलींच्या लग्नात राबले होते, यांच्यातल्या दोघांच्या बापांना खांदा दिला होता. सगळ्यांची तोंडं सारखीच उतरलेली. देवा, दोन्ही डोळे गेले असते तरी चाललं असतं, पण ती काळी माझी निघायला हवी होती, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

मास्टरांनी त्यांना हलकेच कोपऱ्यात नेलं.

"भगीरथ, बाहेर तूच सांग. तुझ्या डोळ्यामुळे घोटाळा झाला म्हण. पुढच्या वर्षी परत बघू. उगाच कुणाचं मन दुखायला नको."

भगीरथांनी मान हलवली. मास्टर सांगेल त्याला मान हलवायची सवयच होती त्यांना.

ते मांडवात आले तसा संदीप उठून उभा राहिला. येसूने पदर सारखा केला. डोळ्याची सबब ओठांवर तयार होती, आणि खोटी तरी कुठे होती, डोळा तर खरंच गेला होता. पण या पोराला छातीवर हात ठेवून आणलं कोणी?

"संदीप, माझी पांढरी व्हती रे. आमी बारा जण हाव. त्यातल्या एकानं काळी टाकली, दोन्ही खेपेला. कोणी, ते मला ठाव नाय."

येसूने विचारलं.

"मंग आमी आता जेवाया बसू का जाऊ, तेवढं सांगा."

भगीरथांनी एप्रन सोडून बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी पंगतीत बसकण मारली. "बसायचं," ते म्हणाले.

पानं मांडली गेली. आतले सगळे बाहेर आले. भगीरथांनी डोळ्याचंच सांगितलं असणार, असं धरून एकेक जण संदीपपाशी आला, वाकला, खांद्यावर हात ठेवून गेला. वाईट वाटलं, पुढच्या वर्षी नक्की, या म्हाताऱ्याचे डोळे बघ ना, असं काहीबाही बोलला. मास्टरांनी तर स्वतः भात वाढला, वर तूपही वाढलं. संदीप प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता.

शेवटचा माणूस आपल्या पानावर जाऊन बसला, तेव्हा संदीप भात कालवत, मान वर न करता म्हणाला, "काका, मी मोजले. अकराच्या अकरा येऊन गेले."