भीमाशंकरला काढलेलं ॲव्हरेज

चपला. टाचेला झिजलेल्या, गिअरच्या दांड्याशेजारी जोडून ठेवलेल्या — देवळाबाहेर ठेवतात तशा. फक्त इथं देव म्हणजे डिझेलची पिकअप, आणि भक्ताचा अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर. सावळेरामला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बाहेर बघावं तर आरशात मागे जोडलेला जनरेटर, दोन चाकांवर डुलत येणारा, आपल्याच पापासारखा... पण पाप कसलं? आपण तर खरंच बोललो होतो.

"नजर पायावर ठेव," स्टिअरिंगवरचा दस्तगीर म्हणाला. "कुठं चुकतोय सांग."

"चुकत न्हाई, उस्ताद."

"मंग लिटरला आठच कसं पडतंय? तुझ्याकडं अठरा देत व्हती!"

चार महिन्यांपूर्वी ही गाडी सावळेरामची होती. मंडपवाल्या दस्तगीरला जनरेटर ओढायला गाडी हवी होती. ॲव्हरेज विचारलं, तेव्हा सावळेराम म्हणाला — अठरा, भीमाशंकरला काढलंय. आणि काढलंच होतं: वर देवळापाशी कॅनमधून टाकी गळ्यापर्यंत भरली, रिकामी गाडी खाली मंचरला आणली, पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरली. सगळा उतार, गाडी आपली आपण आली, डिझेलला फारसं विचारावं लागलं नाही. यात खोटं काय? पण दस्तगीरनं दोन्ही कानांना हात लावले. देवाच्या दारात काढलेलं, म्हणाला, आता पुढं काय विचारायचं! एकानं घाट सांगितला, दुसऱ्यानं शपथ ऐकली... तेव्हाच बोलायला हवं होतं. सावळेराम चहा पीत राहिला. चांगला होता चहा.

मग दस्तगीरनं फिल्टर बदलला, टायरमधली हवा वाढवली, जनरेटरची ताडपत्री आवळली — वाऱ्यानं फुगते म्हणून — आणि सगळेच निर्दोष सुटल्यावर आरोपी म्हणून स्वतःचा उजवा पाय उभा केला. पाय जड झालाय. बायको जहाँआरासुद्धा तेच म्हणते, साठी आली, किल्ली मोहसीनला द्या. येत्या शुक्रवारी लेकाला किल्ली देऊन तो गाडी कायमची सोडणार होता. आज शेवटची परीक्षा: जुन्नर ते मंचर दस्तगीर, परत येताना सावळेराम, ओझं तेच, रस्ता तोच. तिथी नसताना जनरेटर निघालेला बघून नारायणगावात एकानं विचारलंही, "कुणाचं लगीन, भाऊ?"

"पायाचं," दस्तगीर म्हणाला.

ह्याच पायानं तीस वर्षांपूर्वी लेण्याद्रीच्या रस्त्यावर गाडी शिकवताना सावळेरामच्या नडगीवर टोले दिले होते. "पेडलखाली कोंबडीचं पिल्लू हाय समज, सावळ्या. मेलं तर तू घरी."

मंचरला टाकी भरली. आठच. दस्तगीर हसला, निकाल आधीच ठाऊक असलेल्या पोरासारखा, आणि चपला मांडीवर घेऊन डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

आता सोपं आहे. मी चालवीन, मलाही आठच पडेल, उस्तादांचा पाय सुटेल. मग ते विचारतील, अठरा आलं कुठून? — तर सांगून टाकीन. त्यांनी विचारायच्या आधीच सांगेन. कळंब यायच्या आत सांगेन...

कळंब गेलं.

उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे निघून गेला तेव्हा सावळेरामनं वेगाच्या काट्याकडे पाहिलं. तीस. त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. पायच आपण होऊन हलका झाला होता, चढाआधी वेग धरत होता, उताराला अलगद सोडून देत होता — दहा पडेल, अकरासुद्धा पडेल, अठरा नाही पण आठाहून जास्त, म्हणजे गाडी चांगली, म्हणजे सावळेराम खरा, म्हणजे...

"लई हलका पाय," दस्तगीर म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, हेच वाईट. "पिल्लू जगलं तुझं. मीच शिकवलाय न्हवं?"

"उस्ताद..."

"काय रं?"

दाबावा. दाबला की डिझेल जळेल, आठ पडेल, उस्ताद सुटतील, आणि मला बोलावंही लागणार नाही... पण हेही भीमाशंकरच की! बोलायचंय तोंडानं, आणि मी पुन्हा पायालाच पुढे करतोय.

"काय न्हाई," तो म्हणाला. आणि डाव्या पायानं स्वतःच्या उजव्या पायातली चप्पल ओढून काढली. उघड्या तळव्याखाली पेडल कोमट लागलं. काहीतरी धडधडत होतं. इंजिनच असणार, दुसरं काय असणार — पण त्याला पाय दाबवेना, आणि उचलवेनाही.