पांढरी झाकणं

कमलबाईंच्या स्वयंपाकघरात बाटलीवरचं वाचून कुणी हात घातला की त्याची फजिती ठरलेली. जॅमच्या बाटलीत मोहरी, लोणच्याच्या बरणीत साखर, मधाच्या बाटलीत हिंगाचे खडे आणि कॉफीच्या बाटलीत काळा मसाला. रिकामी झालेली काचेची बाटली या बाईंनी जन्मात कधी टाकली नाही. ज्योत्स्ना लग्न होऊन बऱ्हाणपूरला आली, तेव्हा सोयऱ्यांसाठी कॉफी करताना तिने उकळत्या दुधात चमचाभर काळा मसाला घातला होता. सासूबाई चिडल्या नाहीत. तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की सोयरेही हसायला लागले.

आता त्याच कमलबाईंना विसर पडत चालला होता. देवळातून येताना शनवारा चौकात वाट चुकायच्या. ज्योत्स्नाला कधी बहिणीच्या नावाने हाक मारायच्या, कधी नुसतंच "ओ बाई" म्हणायच्या. पण गॅसपुढे उभ्या राहिल्या की कुठे म्हणून अडायच्या नाहीत. इंदूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, निलेशला, बजावलं होतं, "स्वयंपाक करतायत ना? मग करू द्या. तो सुटला की फार काही हातात राहणार नाही." ज्योत्स्नाने ते फारच मनावर घेतलं, आणि तिथेच घात झाला.

दिवाळीच्या आधी कमलबाई बहिणीकडे इच्छापूरला गेल्या, तशी ज्योत्स्नाने पदर खोचला. आईंना अजून वाचता येतंय, मग प्रत्येक बाटलीवर नाव असलं की त्यांचं अडणार नाही, असा तिचा साधा विचार. मोबाईलवर बघून बघून तिने सगळ्या बाटल्या कोमट पाण्यात भिजवल्या, जुनी लेबलं सोलली, राहिलेला चिकटा तेल-सोड्याने घासून काढला. लाल, पिवळी, निळी झाकणं एकजात पांढरी रंगवली. मग ठळक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाटल्या उंचीप्रमाणे फळीवर मांडल्या.

संध्याकाळी नेपानगरहून ड्युटी करून आलेला निलेश दारातच थांबला. "अरे वा! एकदम बढिया दिखू राह्यलं. आईले आता ढूंढायचं कामच नाही!"

त्या रात्री ज्योत्स्नाला शांत झोप लागली. कुणाचं तरी भलं केल्यावर लागते तशी.

कमलबाई परतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वरणाच्या फोडणीला तेल तापत ठेवलं. सवयीने फळीकडे हात नेला आणि तो हवेतच राहिला. एक बाटली उचलली, "मोहरी" असं मोठ्याने वाचलं आणि जागेवर ठेवून दिली. दुसरी उचलली, तीही ठेवली. कढईतून धूर निघायला लागला.

"आई, तीच मोहरी. घाला ना."

"मोहरी तं हाये वं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पन माही कुठी हाये?"

ज्योत्स्नाने धावत जाऊन गॅस बंद केला. तिला सगळं एकदम कळलं. अक्षरांशी सासूबाईंचा काही संबंधच नव्हता. त्यांची मोहरी म्हणजे जॅमच्या बाटलीचं निळं झाकण आणि तिच्यावरचं कोपरा फाटलेलं आंब्याचं चित्र, आणि ते चित्र घंटागाडीत कधीच गेलं होतं.

कमलबाईंनी आणखी काही दिवस प्रयत्न केला. मग त्या स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या, दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. ज्योत्स्ना भांडी घासताना रडून घ्यायची. पुन्हा तसंच मांडायचं ठरवून तिने सगळा बाजार पालथा घातला, तोच जॅम, तोच मध, तीच कॉफी आणली. पण जॅमवाल्याने चित्रच बदललं होतं. निलेश ब्लेड घेऊन झाकणांवरचा पांढरा रंग खरवडत बसला. खालचे रंग वर आले, पण ओरखड्यांसकट. त्याने एका शब्दानेही बायकोला बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

फळी पुन्हा होती तशी लावून झाल्यावर निलेशने आईला हाताला धरून आत आणलं. कमलबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी कॉफीची बाटली उचलली, झाकणावरून बोट फिरवलं आणि हसल्या. ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला.

कमलबाईंनी बाटली अलगद जागेवर ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लय मस्त जमवलं बाई तुम्ही. घर बढिया हाये तुमचं," त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या. "आता मले निघू द्या. माहा निलेश शाळेतून येईन, त्याले भूक लागली आसीन."

निलेशने त्यांचा हात सोडला नाही. ज्योत्स्नाला वाटलं, आता हा ओरडेल, नाहीतर रडेल. तो म्हणाला, "दोन घास खाऊन जा ना, मावशी."

कमलबाई संकोचल्या. मग परक्याच्या घरी बसावं तशा खुर्चीच्या कडेला टेकल्या. ज्योत्स्नाने गॅस पेटवला आणि फोडणीला तेल टाकलं.