डब्याच्या फडक्याची गाठ

मेर्लीबाईंना जपानातल्या इनाच्या खोऱ्यातल्या त्या बालवाडीत येऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं, तरी अजून त्या 'इंग्रजी गाण्यांच्या बाई'च होत्या. सकाळी या वर्गात टाळ्या, दुपारी त्या वर्गात टाळ्या. फिलिपिन्सहून आलेल्या बाईला दुसरं काय येणार, असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. तिथली माणसं तोंडावर काही म्हणतील तर शपथ. पण मेर्लीबाईंनी खपून, डोळे फोडून बालशिक्षिकेची परीक्षा जपानीतून दिली होती, पासही झाल्या होत्या, आणि आता त्यांना स्वतःचा वर्ग हवा होता. स्वतःची पोरं, आणि दारावर स्वतःचं नाव.

मुख्याध्यापक ओनोदेरा सर 'बघू' म्हणाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सूर्यफूल वर्गाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा सरांनी तो मोठ्या मुलांचा वर्ग तात्पुरता मेर्लीबाईंकडे दिला. "शरदातल्या सहलीला मी बरोबर येईन," ते म्हणाले, "मग एप्रिलपासूनच्या नव्या वर्षाचं ठरवू."

ठरवणारे नावाला सर. खरा शब्द सगळ्यांत जुन्या शिक्षिकेचा, कुवाबाराबाईंचा. सरांचे केस काळे होते तेव्हापासून त्या तिथे होत्या, आणि या बाईला आपण डोळ्यांसमोर नको आहोत अशी मेर्लीबाईंची पक्की खात्री होती. कारणही तसंच होतं. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी वर्गातला रॉकेलचा स्टोव्ह पेटेना. मेर्लीबाईंनी जन्मात असला स्टोव्ह पाहिला नव्हता. त्यांच्या इलोइलोत थंडी पडली म्हणजे पंखा जरा हळू करायचा. त्या काडीवर काडी ओढत होत्या, आणि कुवाबाराबाई दारात, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. स्टोव्ह पेटला तशा "हं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. तो "हं" मेर्लीबाईंच्या मनात अजून सलत होता.

बालवाडीत सगळा कारभार आपला हात जगन्नाथ असा. बूट पोरांनी स्वतः बदलायचे, ओला पंचा स्वतः वाळत घालायचा, जेवण झालं की डबा फडक्यात ठेवून निरगाठ स्वतः मारायची. बाईंनी काय करायचं? थांबायचं. गाठ दहादा सुटो, पोर भोकाड पसरो, थांबायचं. मेर्लीबाईंना हे कळत होतं पण वळत नव्हतं. पाठच्या भावंडांना भरवत, त्यांच्या नाड्या बांधत त्या वाढल्या होत्या. माया म्हणजे करून देणं, एवढंच त्यांना ठाऊक.

त्यात वर्गात त्सुमुगी होती. मोठ्या शहरातून नुकतीच आलेली, गालांवर खळ्या पाडत हसणारी. तिकडे तिच्या डब्याला चेनची पिशवी असे, त्यामुळे फडक्याशी तिचं जमेना. बाकीची पोरं खेळायला पळायची आणि ही बिचारी फडक्याची टोकं हातात धरून बसायची. मेर्लीबाईंना ते बघवेना. एक दिवस त्यांनी तिला हळूच बुटांच्या कप्प्यांमागे बोलावलं आणि गाठ मारून दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. मग ते अंगवळणीच पडलं.

सहलीचा दिवस उजाडला. नदीकाठच्या बागेत सतरंज्या पसरल्या, भाताचे गोळे नि अंड्याच्या गुंडाळ्या फस्त झाल्या. ओनोदेरा सर सतरंजीच्या कडेला बसले होते, कुवाबाराबाई पर्सिमॉनच्या झाडाखाली हात मागे बांधून उभ्या होत्या. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. बसला थोडाच वेळ होता. मेर्लीबाई म्हणाल्या, "चला, डबे बांधा!" आणि पोरांची गडबड उडाली.

त्सुमुगी उठली ती डबा नि फडकं घेऊन थेट त्यांच्यासमोर.

"बाई, बांधा ना."

"तू बांध हं, त्सुमुगी."

"पण रोज तर तुम्हीच बांधता! त्या बुटांच्या कप्प्यांमागे."

झाकली मूठ उघडी पडली ती अशी. रेंता नावाचा एक आगाऊ पोरगा होता, तो उसळला. "हॅ! आम्ही इथं मरमर मरतो, आणि हिचं बाई बांधून देतात होय!"

सरांनी मान वर केली. मेर्लीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'तिच्या बोटाला लागलंय' असं एक खोटं अगदी जिभेवर आलं होतं. मग त्यांनी त्सुमुगीकडे पाहिलं. तिला बिचारीला आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता.

"खरं आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "मीच बांधत होते. चूक माझी, त्सुमुगीची नाही. आजपासून ती बांधेल."

आणि स्वतःच्या हातांवर भरवसा नसल्यामुळे त्या दोन्ही हातांवर बसल्या.

"मला येत नाही!"

"येईल."

"नाही येणार!" त्सुमुगीने फडकं भिरकावलं. वाऱ्याने ते उडालं आणि सरांच्या पायांत जाऊन अडकलं. सरांनी फडक्याकडे पाहिलं. पोरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी काही ते उचललं नाही. शेवटी नाक ओढत त्सुमुगीच गेली आणि घेऊन आली.

मग सुरू झाली झटापट. एक टोक धरलं की दुसरं पळे. रेंता ओरडत होता, "अगं, खालून घाल, खालून! गाढवासारखी ओढू नकोस!" मेर्लीबाईंच्या तळहातांना मुंग्या आल्या. पलीकडच्या रस्त्यावर बस आली, थांबली, आणि निघून गेली. पुढची बस खूप उशिरा होती, ते त्यांना माहीत होतं. घरी न्यायला आलेल्या आया फाटकात ताटकळणार, हेही माहीत होतं. आपण एकदा हात लावला असता तर सगळी पोरं आता बसमध्ये असती. एप्रिलमधला वर्ग त्या बसबरोबरच गेला असं त्यांनी मनाशी धरलं, आणि तरी त्या उठल्या नाहीत.

"झाली!" त्सुमुगी किंचाळली.

गाठ कसली, बोळा होता नुसता. पण पोरांनी टाळ्या पिटल्या, रेंतानेसुद्धा.

सगळे चढावरून चालत निघाले. निम्म्या वाटेवर बोळा सुटला आणि डबा खणकन रस्त्यावर पडला. मेर्लीबाईंचे हात पुढे गेले, तसेच त्यांनी मागे घेतले. त्सुमुगीने बाईंकडे बघितलंही नाही. रस्त्याच्या कडेला फतकल मारून तिने फडकं पसरलं, टोकं धरली आणि गाठ मारली. ही मात्र घट्ट बसली.

फाटकात सरांनी वाकून वाकून आयांची माफी मागितली. पोरं गेली, सरही गेले. कपडे बदलायच्या खोलीत मेर्लीबाई आणि कुवाबाराबाई दोघीच उरल्या.

"आता एप्रिलचं काय ते कळलंच मला," मेर्लीबाई एप्रन काढत म्हणाल्या. "तुमच्या मनासारखं झालं. तुम्हाला मी पहिल्यापासून नको आहे."

कुवाबाराबाई शांतपणे बूट घालत होत्या. "गाठीचं मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुमची गाठ मीच मारून दिली असं झालं असतं."

मेर्लीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि तो स्टोव्ह? तोही माझा मीच शिकावा म्हणून का? नुसत्या उभ्या राहिलात बघत! वर्गाला आग लागली असती म्हणजे?"

"नुसती?" कुवाबाराबाई पहिल्यांदाच चिडल्या. "दाराआड आग विझवायचं ते लाल नळकांडं धरून उभी होते मी! किती जड असतं, उचलून बघा एकदा. आणि तुमचा मेला स्टोव्ह पेटता पेटेना. आठवडाभर हा खांदा धरला होता माझा."

एवढे दिवस पोसलेला राग कुठे ठेवावा ते मेर्लीबाईंना कळेना, आणि डोळे घळाघळा वाहू लागले.

"पुरे," कुवाबाराबाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये पिल्लांच्या वर्गात तीन वर्षांची पोरं येतील. एकालाही गाठ येत नसते. ती मेर्लीबाईंना द्या, असं मी वाटेतच सरांना सांगितलंय. चला आता, कुलूप लावायचंय."

डोळे पुसत मेर्लीबाईंनी घाईघाईने कोट चढवला. त्याची चेन मध्येच अडकली. वर जाईना, खाली येईना. दारातून गार वारा आत येत होता. किल्ल्या घेऊन कुवाबाराबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी चेनकडे पाहिलं, दोन्ही हात मागे घेतले, आणि थांबल्या.