सोल्युशनच्या खोलीतला संचार

बुटांच्या त्या कारखान्यासमोर सकाळपासून झुंबड उडाली होती, आणि त्यातल्या एकालाही बूट घ्यायचे नव्हते. कुणी म्हाताऱ्या वडिलांना पाठीवर घेऊन आलं होतं, कुणी लग्न न जमणाऱ्या भावाला धरून. सगळ्यांच्या नजरा मागच्या खोलीकडे. तिथे बायका बुटांना तळवे चिकटवायच्या, आणि दुपार कलली की त्यांच्यात संचार व्हायचा. एक डोलू लागे, दुसरी खिदळू लागे, तिसरी ढसाढसा रडे. सगळ्यांत जोरात घुमायच्या त्या काकू.

काकू म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या कामकरीण. घरी त्यांना कुणी विचारत नसे. नवरा वर्तमानपत्राआडून 'हं' म्हणायचा, मुलगा फोनआडून. इथे मात्र त्यांनी नुसती जांभई दिली तरी बाहेर लोक हात जोडायचे. परवा एकाने विचारलं, "माझी म्हैस कधी सापडेल?" काकू भोवळत म्हणाल्या, "पाणी... पाणी..." त्यांना प्यायला हवं होतं. माणूस तळ्याकडे धावला आणि म्हैस खरंच तळ्यात! म्हैस तळ्यात नाही तर काय माडीवर असणार, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. काकूंच्याही नाही.

हा सगळा तिथे येऊन बसलेल्या एका बुवांचा पायगुण. कारखान्याच्या मालकीणबाई त्यांच्या भक्त. खोलीच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक पंखा होता, तो फार घरघरायचा. बुवा म्हणाले, "या गोंगाटात शक्ती बोलणार कशी?" पंखा उतरवला आणि त्या भोकावर बुवांची तसबीर ठोकली, अगदी मापाची. आठवडाभरात पहिली बाई डोलली. आता बोला!

बुवा खोलीत पाऊल टाकत नसत. उंबरठ्यावर पाट मांडून, अत्तराचा रुमाल नाकाला लावून बसत. "आम्ही इहलोक-परलोकाच्या सीमेवर," असं सांगत. लोक त्यांना उंबरठेबुवाच म्हणू लागले. चिकटवायच्या द्रवाला कारखान्यात सगळे सोल्युशन म्हणत. त्याच्या डब्यावरची चित्रं बुवा भक्तांना समजावून देत.

"ही ज्वाळा बघा. अंतरीचा अग्नी! हे उद्गारचिन्ह. साक्षात्कार झाला की माणूस दुसरं काय म्हणणार? 'अहाहा!' आणि हा माणूस पाहा, छातीत तारा फुटलेला. आत्मज्योत! छापणाऱ्याला ठाऊक तरी आहे का तो काय छापतोय? हात त्याचा, प्रेरणा वरची!"

गर्दी माना डोलवी. डब्यावर चित्रांखाली बारीक अक्षरांत पुष्कळ काही छापलेलं होतं, पण प्रेरणा वरून आल्यावर खालचं कोण वाचतं?

त्या संध्याकाळी काकू घरी आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून.

"आई, दुसरी चप्पल कुठाय?" सुनेने विचारलं. सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

काकूंनी खाली पाहिलं. "अगं बाई! कधी निसटली?"

"कळलं नाही तुम्हाला?"

"नाही कळत हल्ली. बुवा म्हणतात, मी जमिनीपासून सुटत चाललेय. थोड्या दिवसांनी अधांतरी होईन."

सुनेने चहा ठेवला. काकू चहा पीत बसल्या असताना तिने हळूच त्यांच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली. काकूंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, भुरका घेतला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला तरी त्यांचा आपला दुसरा भुरका चालूच.

सुनेने टाचणी बाजूला ठेवली. "आई, मला उद्या तुमच्याबरोबर यायचंय."

"ये की. पण तिथे येऊन शाळा घेऊ नकोस. तुझ्या वर्गात शक्ती येत नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतं, मला सगळं कळतं."

दुसऱ्या दिवशी महासंचार होता. बुवांनी फर्मावलं होतं की खोलीत निखाऱ्यांची धुनी फिरवायची. सून पोचली तेव्हा मालकीणबाई दोन्ही हातांत चिमटे धरून, लाल निखाऱ्यांचं घमेलं घेऊन दाराकडे येत होत्या. आत बायका डोलत होत्या, डबे उघडे होते, सोल्युशनचा वास अंगणापर्यंत येत होता.

सून धावली. बुवांच्या पुढ्यात तीर्थाची कळशी होती. ती उचलून तिने सबंध घमेल्यात उपडी केली. फस्सकन वाफ उठली.

"तीर्थ!" बुवा किंचाळले.

"आजवरच्या तीर्थात हेच कामाला आलं," सून म्हणाली. "आधी सगळ्यांना बाहेर काढा. मग मला काय शाप द्यायचा तो द्या."

बायकांना धरून धरून अंगणात आणलं. सुनेने घमेलं लांब नेऊन विझल्याची खात्री केली. मग सगळ्यांना मागे सारून मोकळ्या जागेत, वाळूच्या बादलीजवळ, पत्र्याच्या झाकणात सोल्युशनचे चार थेंब टाकले आणि लांब काठीला बांधलेली पेटती चिंधी पुढे केली. चिंधी झाकणाला टेकलीही नव्हती, तोच भक्‌कन जाळ झाला. पुढचे भक्त मागच्या भक्तांच्या अंगावर पडले.

"चार थेंब होते," सून वाळू टाकत म्हणाली. "आत डबे आहेत, आणि त्यांची वाफ खोलीभर. डब्यावरची ज्वाळा हेच सांगते. अंतरीचा अग्नी नाही, बाहेरचा. तुमचा सगळा महासंचार कौलांसकट आकाशात गेला असता."

मालकीणबाई मटकन खाली बसल्या.

बुवा सावरले. "अग्नीचं सोड. संचार कसा होतो ते सांग! माझी तसबीर लागली आणि शक्ती आली, खरं की खोटं?"

"अगदी खरं. तसबीर पंख्याच्या भोकावर लागली. वाफ बाहेर जायची वाट बंद झाली, ती डोक्यात गेली. आता करा तुमचे मंत्र. इथेच, अंगणात."

बुवांनी मंत्र सुरू केले. आवाज बसेपर्यंत म्हटले. बायका शांत. एकीला घरी वाळत घातलेले कपडे आठवले. काकूंनी घुमायचा मनापासून प्रयत्न केला, पण जमेना.

"उघड्यावर शक्ती लाजते," बुवा म्हणाले.

"असेल. मग तुम्ही आत बसा. दार मी लावते. तुमच्यात तर ती सगळ्यांत आधी येईल."

गर्दीला ही कल्पना फार पसंत पडली. "बसा बुवा, बसा!" दोघांनी पाटही उचलला. बुवा मागे सरकत सरकत कुंपणाला टेकले आणि ओरडले, "अहो, आत कोण बसतं! डोकं गरगरतं तिथे! रंगाच्या दुकानात कामाला होतो मी, त्या वासाने दोन वर्षांत माझं पुरतं वाटोळं झालं असतं!"

लोकांचे डोळे बुवांच्या अत्तराच्या रुमालाकडे गेले. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू वणव्यासारखं पसरलं. त्या गडबडीत बुवा कुंपण ओलांडून पसार झाले. सीमेवर बसायची सवय असल्याने त्यांना फार कष्ट पडले नाहीत.

काकू मात्र हसल्या नाहीत. "मग मी... माझ्यात कुणीच नव्हतं?"

सून त्यांच्याजवळ बसली. "तुम्ही होतात ना, आई. छातीत तारा फुटलेला तो माणूस आहे ना डब्यावर, तो सांगतो की हे शरीरात शिरून आतून नासवतं. तुमच्या पायांच्या नसांना लागलंय. म्हणून चप्पल कळली नाही."

"अन् पुन्हा कळेल?"

"डॉक्टरांना दाखवू. पण त्या खोलीत आता जायचं नाही."

डॉक्टर म्हणाल्या, खोली सोडली तरी बधिरपणा आधी थोडा वाढेल, मग हळूहळू उतरेल. तसंच झालं. काही आठवडे काकूंना भिंत धरून चालावं लागलं आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांना आधार द्यायला शिकून घेतलं. कारखान्यात पंखा परत बसला, डब्यांना झाकणं आली, हातमोजे आले, कमी घातक सोल्युशन आलं. नवा डबा आला की कुणीतरी त्यावरचं सगळं मोठ्याने वाचायचं आणि कळलं नाही ते विचारायचं, असं ठरलं. काकूंना शिवणाच्या हवेशीर खोलीत काम मिळालं. एका सकाळी न्हाणीघरात त्यांच्या पायावर थंड पाणी पडलं आणि त्या इतक्या जोरात किंचाळल्या की सगळं घर धावलं.

"गार लागलं!" काकू रडत हसत होत्या. "अगं, गार लागलं मला!"

चित्रं अंगारा म्हणून छापत नाहीत, मंडळी. ती छापणाऱ्याला वाटतं की कुणीतरी वाचेल. कामाच्या जागी डोकं गरगरलं, हातपाय बधिर झाले, डोळे चुरचुरले, तर आधी बाहेर या आणि मग विचारा: यात आहे काय? हा प्रश्न विचारल्याने कुठलीही शक्ती रागावत नाही. जो रागावेल, त्याला आधी आत बसवून पाहा.